'फाइन' या एका शब्दापाशी अनुवाद अडला आहे

कागदीहोडी

एका इंग्रजी लघुकथेचा अनुवाद करतेय. कथा जेमतेम सहा पानांची. नवरा जाऊन महिना झालेली एक म्हातारी. त्याने वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक परत द्यायचं राहून गेलंय, ते ती परत करायला जाते. एवढीच गोष्ट. पहिल्या पानावर त्या पुस्तकावर 'फाइन डस्ट' साचलेली आहे. चौथ्या पानावर वाचनालयातली मुलगी चाचरत सांगते की उशीर झाल्यामुळे 'फाइन' भरावा लागेल. आणि शेवटाकडे तीच मुलगी विचारते, तुम्ही बऱ्या आहात ना? म्हातारी म्हणते, 'आय अ‍ॅम फाइन.'

एवढ्याशा कथेत तीनदा तोच शब्द आलाय, म्हणजे तो मुद्दामच योजलाय असं मी धरून चालले आहे. मराठीत माझ्या हाती बारीक, दंड आणि ठीक असे तीन शब्द येतात, आणि त्या तिघांची एकमेकांशी ओळखदेखही नाही. तीन दिवस झाले, पुढे सरकत नाहीये.

मला तयार उत्तर नकोय. या शब्दाचे जेवढे अर्थ, जेवढे वापर तुम्हाला माहीत असतील तेवढे सांगा. रोजच्या बोलण्यातले तर हवेतच. मराठीत त्या त्या जागी तुम्ही काय म्हणता तेही लिहा. बारीकसारीक गोष्टही चालेल.

फळाखडू

बरीच वर्षं इंग्रजी संभाषण शिकवतोय, म्हणून बोलण्यातल्या वापरापासून सुरुवात करतो.

आपल्याकडे पहिल्याच धड्यात 'हाउ आर यू?' 'आय अ‍ॅम फाइन, थँक यू' हे पाठ होतं आणि मग जन्मभर तेवढंच उरतं. त्यामुळे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे 'आय अ‍ॅम व्हेरी फाइन'. तब्येतीच्या अर्थाने फाइनला 'व्हेरी' लागत नाही, कारण तिथे फाइन म्हणजे 'सगळं जागेवर आहे, काळजी नको'. जागेवर असलेली गोष्ट 'खूप जागेवर' कशी असेल? फारच छान चाललं असेल तर 'व्हेरी वेल' म्हणावं. पण 'व्हेरी फाइन सँड' बिनचूक आहे, कारण तिथे अर्थ बारीक असा आहे आणि बारीकपणाला कमीजास्त असतं. दुसरी चूक म्हणजे कोणी पडलं-धडपडलं की 'आर यू फाइन?' विचारणं. तिथे इंग्रजी बोलणारा 'आर यू ओके?' किंवा 'आर यू ऑल राइट?' असं विचारतो. फाइन हा शब्द प्रश्नापेक्षा उत्तरात जास्त वावरतो.

आता जिथे विद्यार्थी खरोखर गोंधळतात तो वापर. कोणी काही देऊ केलं आणि समोरचा 'आय अ‍ॅम फाइन' म्हणाला, तर ते 'नको' असतं. आणि 'ट्यूजडे इज फाइन' म्हटलं तर ते 'चालेल' असतं. एकाच शब्दात होकारही आहे आणि नकारही. मराठीत या दोन जागांना आपण वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. नकाराला 'असू दे', 'राहू दे'. होकाराला 'चालेल', 'बरं'. भाषांतर करताना इथे 'मी ठीक आहे' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, याला मध्येच तब्येत कुठून आठवली?

आणखी एक गोष्ट कानाची. दंड झाला या अर्थाचं 'फाइन्ड' आणि सापडणे या अर्थाचं 'फाइंड' यांचा उच्चार एकच आहे. श्रुतलेखनात हमखास चुकतं.

दुपारचीझोप

फळाखडू सर, 'असू दे' आणि 'चालेल' या जोडीसाठी +१. मालिकांच्या मराठी उपशीर्षकांत 'नाही, मी ठीक आहे' इतकं वाचलंय, की आता माणसं खरंच तसं बोलू लागलीत.

मुळाक्षर

कागदीहोडी ताई, तुमचे तिन्ही 'फाइन' एकाच घरातले आहेत. शब्दाच्या मुळाशी गेलात तर ते लेखिकेला का सुचले असतील हे कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ शब्द लॅटिन 'फीनिस'. अर्थ: शेवट, सीमा, हद्द. तिथून दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट जुन्या फ्रेंचमधून आली. एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेली, तिच्यात आणखी करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे ती परिपूर्ण झाली, उत्तम झाली. म्हणून 'फाइन' म्हणजे उत्तम प्रतीचं. धातू शुद्ध करत करत शेवटाला नेला की तो 'फाइन', आणि त्या क्रियेचं नाव 'रिफाइन'. सूत कातत कातत जिथवर जाता येईल तिथवर गेलं की ते तलम. अशा रीतीने उत्तमपणातून बारीकपणा आला. उत्तम कारागिरी ही नाजूकच असायची, म्हणून दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले.

दुसरी वाट न्यायालयाची. इथे शेवट म्हणजे वादाचा शेवट. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीच्या तंट्यात दोन पक्षांचा राजाच्या न्यायालयात जो अंतिम समझोता व्हायचा, त्यालाच 'फाइन' म्हणत. ११९५ पासून हा समझोता एकाच चामडी पानावर तीनदा लिहिला जाऊ लागला. दोन प्रती दोन पक्षांना आणि तळाची तिसरी सरकारी दप्तरात. तिन्ही प्रती नागमोडी रेषेत कापत, म्हणजे पुढे कोणी खोटी प्रत आणली तर कडा जुळवून पाहता येई. तळाच्या त्या तुकड्यांना 'फीट ऑफ फाइन्स' म्हणतात. 'फीट' म्हणजे पाय, पानाचा पायथा. जमीन हस्तांतराची ही पद्धत थेट १८३३ च्या कायद्याने बंद झाली. पण प्रकरण मिटवण्यासाठी भरायची रक्कम, हा अर्थ टिकला. तोच आजचा दंड. 'फायनान्स' हा शब्दही याच वाटेवरचा. देणं भागवून टाकणं, हिशोब संपवणं हा त्याचा जुना अर्थ.

फायनल, फिनिश, डिफाइन, कन्फाइन ही सगळी एकाच कुटुंबातली. 'इन्फिनिट' पाहा. आपला 'अनंत' शब्द हुबेहूब तसाच घडलाय, अंत नसलेला. गणिताच्या पुस्तकात त्याच्या जोडीला 'सांत' आहे, म्हणजे अंतासहित. इतकी सरळ जुळणी दोन भाषांत क्वचित सापडते.

आणि पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत 'फीने' असं लिहिलेलं दिसतं, तोही इटालियनमधला हाच शब्द. अर्थ: इथे थांबा, संपलं.

कागदीहोडी

मुळाक्षर काका, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे धूळ, दंड आणि 'मी बरी आहे' या तिन्हींच्या मागे 'संपलं' उभं आहे. आणि कथा एका संपलेल्या संसाराची.

मग मी दंड या शब्दाकडे वळले, तर तिथे अगदीच वेगळी वाट दिसतेय. दंड म्हणजे मुळात काठी. मग काठी हातात असणाऱ्याची सत्ता, मग शिक्षा, मग शिक्षेची रक्कम. भुजेलाही दंडच म्हणतो, व्यायामातही दंड काढतो, आणि काठीसारखं जमिनीवर आडवं पडून केलेला नमस्कार म्हणजे दंडवत. इंग्रजी शब्दात प्रकरण मिटल्याचा सुस्कारा आहे, मराठी शब्दात काठी उगारलेली आहे. वाचनालयातली ती मुलगी बिचारी इतकी संकोचलीय, तिच्या तोंडी 'दंड' फार कडक वाटतो.

दुपारचीझोप

'विलंब शुल्क' म्हटलं तर?

फळाखडू

विलंब शुल्क सौम्य आहे खरं, पण ते सूचनाफलकावरचं मराठी आहे. समोर म्हातारी उभी असताना कोणी 'विलंब शुल्क' म्हणेल का? आणि शुल्क व दंड यांत फरकही आहे. शुल्क सेवेचं असतं, दंड चुकीचा असतो. त्या बाईंची चूक नव्हती, हेच तर कथेत दुखतंय ना? ज्याची चूक नाही त्याला भरावं लागतं, त्याला मराठीत 'भुर्दंड' हा अचूक शब्द आहे. पण तो मुलीच्या तोंडी शोभणार नाही. फार तर बाई मनात म्हणतील.

खलबत्ता

मी धुळीबद्दल लिहिते. औषधी चूर्णं करणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे बारीक हा एकच शब्द आम्हाला कधी पुरला नाही. भरड, जाडसर, बारीक, महीन आणि सगळ्यांत शेवटी वस्त्रगाळ. वस्त्रगाळ म्हणजे कुटून झाल्यावर चाळणीने नाही, तर कापडातून गाळलेलं. चिमटीत धरलं तर कण लागतच नाही, बोटांच्या रेषांत जाऊन बसतं. 'फाइन पावडर'ला याच्याइतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही.

कापड असेल तर तलम. धागा असेल तर महीन. नक्षी असेल तर नाजूक, नाकडोळे असतील तर रेखीव, मूर्ती असेल तर सुबक. फरक असेल तर सूक्ष्म. बुद्धी असेल तर कुशाग्र, कुश गवताच्या टोकासारखी. या प्रत्येक जागी इंग्रजीत 'फाइन' चालतं. इंग्रजी गरीब आहे असं मला म्हणायचं नाही. तिथे एक शब्द सगळीकडे जातो, आपल्याकडे प्रत्येक वस्तूला तिचा शब्द आहे. पण आपण जेव्हा सगळीकडेच 'फाइन' म्हणायला लागतो, तेव्हा वस्त्रगाळ आणि तलम हे शब्द वापरायला कोणी उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फणीही यातच आली. कंगव्याचे दात विरळ, फणीचे दाट. इंग्रजीत 'फाइन टूथ कोम्ब'ने एखादी गोष्ट विंचरणं म्हणजे बारकाईने तपासणं. आपण 'कीस काढणं' म्हणतो.

गाळवाळू

खलबत्ता ताईंच्या प्रतिसादाला भूशास्त्राकडून पुरवणी. गाळाच्या कणांसाठी आम्ही जी वेंटवर्थ मोजपट्टी वापरतो, तिच्यात 'फाइन सँड' म्हणजे ०.१२५ ते ०.२५ मिलिमीटर व्यासाचे कण, आणि 'व्हेरी फाइन सँड' म्हणजे ०.०६२५ ते ०.१२५ मिलिमीटर. त्याखाली पोयटा आणि चिकणमाती. फळाखडू सरांचं 'व्हेरी फाइन' वाळूला चालतं ते असं मोजूनमापून चालतं.

हवेच्या प्रदूषणात मात्र 'फाइन पार्टिकल्स' याहून कितीतरी लहान. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे. ते थेट फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचतात म्हणून त्यांचं मोजमाप वेगळं ठेवतात. म्हणजे 'फाइन'ची हद्द प्रत्येक शास्त्राने आपापल्या गरजेनुसार आखलीय. मराठी बातम्यांत दोन्हीकडे 'सूक्ष्म कण' येतं, त्यातून आकाराचा काहीच बोध होत नाही. आकडा सोबत द्यावा.

कसोटी

सोन्याचं सांगतो. शुद्धतेला इंग्रजीत 'फाइननेस' म्हणतात आणि ती हजारात मोजतात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, म्हणून ९१६. १८ कॅरेट म्हणजे ७५०. चांदीत 'स्टर्लिंग' म्हणजे ९२५. 'फाइन गोल्ड' म्हणजे छान सोनं नव्हे, शुद्ध सोनं. एका माहितीपत्रकात 'उत्कृष्ट सोने' असं भाषांतर वाचलं होतं. दागिना उत्कृष्ट असेलही, पण तिथे सांगायची गोष्ट वेगळीच होती. मराठीत कस, शंभर नंबरी, बावनकशी असे शब्द असताना ही वेळ येऊ नये.

यष्टीमागून

क्रिकेटमध्येही तो आहे. 'फाइन लेग' हे नाव आपण इतक्यांदा ऐकतो, पण तिथे 'फाइन' का? दोन्ही यष्ट्यांना जोडणारी रेषा फलंदाजाच्या मागे तशीच वाढवली, तर त्या रेषेच्या जवळ उभा असलेला क्षेत्ररक्षक 'फाइन', आणि फलंदाजाच्या दोन्ही बाजूंना काटकोनात उभा असलेला 'स्क्वेअर'. चेंडू 'फाइन' वळवला म्हणजे रेषेपासून अगदी थोड्याच कोनात वळवला. म्हणजे इथेही अर्थ बारीकच, फक्त कोन बारीक.

दुपारचीझोप

मला एक प्रश्न आहे. परवा एकाने माझ्या लिखाणाबद्दल 'इट्स फाइन' असं कळवलं. मी आनंदले. मग मैत्रीण म्हणाली, आनंदू नकोस. कोण बरोबर?

फळाखडू

मैत्रीण. हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. फाइन हा शब्द नामाच्या आधी आला तर कौतुक असतं. 'अ फाइन पर्फॉर्मन्स' म्हणजे उत्कृष्ट सादरीकरण. तोच नामाच्या नंतर गेला, 'द पर्फॉर्मन्स वॉज फाइन', की अर्थ उतरतो: ठीक होतं, नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. जागा बदलली की शब्दाचं वजन बदलतं.

मराठीतला 'बरा' याच वाटेने गेलाय. संतांच्या भाषेत 'बरवा' म्हणजे सुंदर. आज 'गाणं बरं झालं' म्हटलं तर गाणाऱ्याचा चेहरा पडेल.

आणि नुसतं 'फाइन.' असं एका शब्दाचं उत्तर आलं तर सावध व्हावं. त्यात संमती कमी आणि 'यावर आता मला बोलायचं नाही' हे जास्त असतं. आपलं 'ठीक आहे.' असंच. 'बरं' मात्र सुरावर अवलंबून. लांबवलं तर आश्चर्य, तोडून म्हटलं तर राग, हळू म्हटलं तर माया.

खलबत्ता

वर कोणीतरी 'मी ठीक आहे' हे भाषांतरातून आलेलं म्हटलंय. मला पूर्ण पटत नाही. 'ठीक' आपल्याकडे जुनाच आहे. 'सगळं ठीक ना?' 'हो, ठीक आहे' हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय.

दुपारचीझोप

ताई, ते 'सगळं' ठीक असतं. 'मी' ठीक आहे, असं कर्ता पुढे करून कोणी म्हणत होतं का? 'बरी आहे', 'बरं चाललंय', 'मजेत' असंच म्हणायचे ना?

खलबत्ता

हे मात्र खरं. परिस्थिती ठीक असायची, माणूस बरा असायचा. बोललात ते मान्य.

मुळाक्षर

या दोघींच्या बोलण्यात कागदीहोडी ताईंना उत्तर मिळालंय असं मला वाटतं. आजारातून उठलेल्यालाही आपण 'बरा झाला' म्हणतो. म्हणजे 'बरी आहे' या शब्दांत आधी काहीतरी दुखलं होतं याची सावली आपोआप येते. इंग्रजी 'फाइन'ला त्या जागी सगळं वाक्य आणि सगळी कथा लागते, मराठी 'बरी'ला लागत नाही.

तिन्ही जागी एकच शब्द बसवायचा हट्ट मी सोडून देईन. शब्दाऐवजी त्याच्या मागचा 'शेवट' पकडता येतो का पाहा. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला, सिद्धान्त म्हणजे जिथे वाद संपून काही सिद्ध झालं ती जागा. शेवटातून पूर्णत्वाकडे जाणं आपल्या भाषेला परकं नाही. आणि रोजच्या मराठीत भांडण मिटतं, देणं मिटतं, डोळेही मिटतात.

कागदीहोडी

'मिटतं'! काका, कालपासून मी याच क्रियापदाच्या आसपास फिरत होते आणि ते दिसत नव्हतं.

रात्री बसून तिन्ही जागा लिहिल्या. मुलीच्या तोंडचा दंड तसाच ठेवलाय, फक्त तो तिला पूर्ण बोलू दिलेला नाही. पहिल्या ठिकाणी 'मिटलेल्या पुस्तकावर वस्त्रगाळ धूळ साचली होती' असं केलंय. मूळ कथेत पुस्तक मिटलेलं आहे असं सांगितलेलं नाही, पण टेबलावरचं पुस्तक ते, मिटलेलंच असणार. एवढी मोकळीक मी घेतेय.

चौथ्या पानावर:

'उशीर झालाय ना, म्हणून थोडा दंड…' मुलगी खाली बघत म्हणाली.
'सांग ना किती. मिटवून टाकू.'

आणि शेवटी:

'आजी, तुम्ही बऱ्या आहात ना?'
'बरी आहे गं.'

मूळ वाक्यात 'गं' नाही. एकदा काढून पाहिला, पण मग ती त्या मुलीकडे न बघता बोलतेय असं वाटायला लागलं. म्हणून परत घातला.

खलबत्ता

'गं' राहू द्या.